आइसलँडची आलिशान सहल, आठ रात्रींत: काय घ्यावं, काय सोडावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला २५ वर्षं होताहेत म्हणून आइसलँडला जायचंय. सोबत १९ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. त्या पक्क्या शाकाहारी आणि गुडघ्यांनी बेजार. आठ रात्री हातात आहेत, ३० लाखांपर्यंत तयारी आहे. यादीत मध्यरात्रीचा सूर्य, ऑरोरा (रात्रीच्या आकाशात हलणारा हिरवट प्रकाश), देवमासे, निळी बर्फगुहा, वाहता लाव्हा, हेलिकॉप्टर आणि देशाला वळसा घालणारा अख्खा रिंगरोड आहे, तोही मिस्टरांनी स्वतः गाडी चालवून. शिवाय सगळीकडे फाइव्ह स्टार.

मी गेली १५ वर्षं पुण्यात बसून उत्तरेकडच्या देशांच्या सहली आखते आणि वर्षातून एकदा तरी स्वतः जाऊन येते. पहिल्याच फटक्यात सांगते, यादी अर्धी करा. पैसे कमी आहेत म्हणून हे सांगत नाही. तिथे पैशाने हवा विकत मिळत नाही म्हणून सांगतेय. दुबईत किंवा मालदीवमध्ये जास्त पैसे भरले की जास्त गोष्टी हमखास मिळतात. आइसलँडमध्ये जास्त पैसे भरले की एकच गोष्ट हमखास मिळते: बेत बदलायची मोकळीक. उद्या वारा सुटला तर परवा जाऊ, असं म्हणता येणं ही तिथली खरी चैन. ती आखणीतच ठेवावी लागते, ऐनवेळी मिळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांत फेब्रुवारीत नाशिकच्या एका कुटुंबाची सहल मी रोज नवं हॉटेल अशी घट्ट विणली होती. तिसऱ्या दिवशी बर्फाचं वादळ आलं, दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक या गावापुढचा रस्ता आडवा बांबू टाकून बंद झाला आणि सहा माणसं एका लहानशा गेस्ट हाउसमध्ये दोन रात्री अडकली. पुढच्या दोन हॉटेलांचे पैसे गेले, कारण मी स्वस्त पडतं म्हणून परतावा न मिळणारं बुकिंग केलं होतं. त्या काकूंनी बरोबर थालिपिठाची भाजणी आणली होती म्हणून निभावलं. मालकिणीने तवा दिला, पण दुसऱ्या दिवशी तीच विचारायला आली की हा वास कसला आणि अजून आहे का. किस्सा गोड वाटतो, पण त्या काकांनी परत आल्यावर मला अर्धा तास जे ऐकवलं ते अजून कानात आहे. बरोबरच होतं त्यांचं.

आता आधी महिना ठरवू, कारण बाकी सगळं त्यावर लटकलेलं आहे. मध्यरात्रीचा सूर्य आणि ऑरोरा एकाच सहलीत मिळत नाहीत. ऑरोराला अंधार लागतो आणि जूनमध्ये तिथे अंधारच पडत नाही. २१ जूनच्या सुमारास राजधानी रेक्याविकमध्ये सूर्य जेमतेम तीन तास क्षितिजाखाली जातो आणि तेव्हाही पेपर वाचता येईल इतका उजेड असतो. उलट डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेअकराच्या आसपास उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. दिवाळीच्या सुट्टीत जायचं तुमच्या मनात आहे, पण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा मला सगळ्यांत न आवडणारा काळ. दिवस आखडलेला, बर्फ धड पडलेलं नाही, पाऊस आडवा, आणि वादळांची रांग लागलेली.

तुमच्यासाठी माझं मत सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. दिवस-रात्र जवळपास सारखे, म्हणजे हिंडायला बारा तास उजेड आणि ऑरोरासाठी पुरेसा काळोख. डोंगरांवरची खुरटी झुडपं आणि शेवाळ तांबडं-पिवळं झालेलं असतं. रस्ते बहुधा मोकळे असतात. उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते. तापमान पाच ते दहा अंशांच्या आसपास, पण वाऱ्यामुळे शून्य वाटतं. याच महिन्यात शेतकरी उन्हाळाभर डोंगरात सोडलेल्या मेंढ्या खाली आणतात आणि गोल कुंपणात कानांवरच्या खुणा बघून ज्याच्या त्याला वाटून घेतात. वाटेत असा मेळा दिसला तर गाडी थांबवा, कोणी हटकत नाही. या सुमारास बहुतेक वेळा पितृपक्ष असतो. त्याचं तुमच्या घरी काय करायचं ते तुम्ही आणि सासूबाई बघा.

म्हणजे यादीतून मध्यरात्रीचा सूर्य गेला. निळी बर्फगुहाही गेली. व्हात्नायोकुल हिमनदीतल्या त्या प्रसिद्ध निळ्या गुहा नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुरक्षित असतात, उन्हाळ्यात बर्फ आतून वितळून पोकळ झालेलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रेदामेर्कुर हिमनदीवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला. त्यामुळे सप्टेंबरमध्ये ‘आम्ही नेतो’ म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडा. वीकहून काटला ज्वालामुखीच्या बाजूच्या गुहेत वर्षभर नेतात. तिथे राखेच्या थरांमुळे बर्फ काळं-पांढरं पट्टेदार दिसतं. तुम्ही दोघं आणि मुलगी तिकडे जा. सासूबाईंसाठी रेक्याविकच्या पेर्लान संग्रहालयात खऱ्या बर्फाची शंभर मीटर लांबीची गुहा बांधलेली आहे. थंडी खरी आणि कोसळायची भीती नाही.

वाहत्या लाव्ह्याचं आश्वासन देणारा माणूस एकतर नवखा किंवा खोटारडा. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून भेगा उघडताहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक गाव रिकामं केलं आणि डिसेंबर २०२३ पासून शेजारच्या भेगेतून पुन्हा पुन्हा उद्रेक झाले. त्याच परिसरात ब्लू लगून हे गरम पाण्याचं प्रसिद्ध तळं आहे. नोव्हेंबर २०२४ च्या उद्रेकात लाव्हा त्यांच्या गाडीतळावर पसरला. मुख्य इमारती मातीच्या उंच बांधांमुळे वाचल्या. लोक विचारतात, मग विमानं बंद पडतील का? हे उद्रेक २०१० च्या एयाफ्यात्लायोकुलसारखे नाहीत. (हे नाव उच्चारायचा सराव विमानात करा, बारा तास आहेत.) तेव्हा ज्वालामुखी हिमनदीखाली होता, तापलेला शिलारस वितळलेल्या बर्फाच्या पाण्याला भिडला आणि त्यातून बारीक राख उसळून युरोपभर विमानं अडली. रेक्यानेसवर लाव्हा जमिनीच्या भेगेतून नुसता वाहतो, राख फारशी नसते, केफ्लाविक विमानतळ चालू राहतो. तुमच्या तारखांना उद्रेक चालू असलाच तर हेलिकॉप्टरने वरून दाखवतात. त्यासाठी आधी पैसे अडकवू नका.

आता रिंगरोड. तो १,३०० किलोमीटरच्या वर आहे. नकाशावर आठ रात्री पुरतात, पण त्या सहलीत तुमच्या सासूबाई रोज पाच तास गाडीत बसून काचेतून डोंगर बघतील आणि रोज संध्याकाळी नव्या खोलीत बॅग उघडतील. यात आलिशान काय आहे? देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राचा साधारण एक तृतीयांश आणि माणसं चार लाखांहूनही कमी. मधलं अंतर रिकामंच आहे, आणि ते रिकामेपण बघायला गाडीतून उतरावं लागतं. फक्त दक्षिण किनारा घ्या.

मिस्टरांच्या गाडी चालवण्याबद्दल, त्यांना वाईट वाटेल, पण नको. त्यांनी स्पिती केलंय हे तुम्ही लिहिलंय आणि त्याबद्दल आदर आहे. तिथला प्रश्न खड्ड्यांचा किंवा घाटाचा नाही. रस्त्याची उजवी बाजू, एकेरी पूल, आणि वारा. वारा म्हणजे किती, तर माझ्या एका ग्राहकाने किनाऱ्यावर गाडी उभी केली, नेहमीसारखं दार उघडलं आणि हातातून दार सुटलं. ते पुढे पार बोनेटपर्यंत उलटं वळलं. बिजागरी वाकली, दार पुन्हा बंद होईना. दोरीने बांधून ८० किलोमीटर आले. भाड्याच्या गाडीच्या विम्यात खडी उडून काच फुटली तर भरपाई असते, वाळू-राखेचीही वेगळी घेता येते; वाऱ्याने मोडलेलं दार मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये तुमच्याच खिशातून. त्यांचे कापलेले पैसे बघून मला घाम फुटला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक सहलीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं: गाडी वाऱ्याच्या तोंडाला उभी करा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा. मिस्टरांची हौस जूनमधल्या पुढच्या सहलीत भागवा. तेव्हा रात्री अकरालाही उजेड असतो आणि तिथे गाडी चालवण्यासारखं सुख नाही. आता मागे बसून डोंगर बघू द्या त्यांना.

चालक-वाटाड्यासह गाडी घ्या. इथे बरेच एजंट एक चूक करतात, सहाच्या सहा दिवसांसाठी मोठ्या चाकांची सुपरजीप माथी मारतात. सप्टेंबरमध्ये मुख्य डांबरी रस्त्याला तिची काहीच गरज नाही. शिवाय ती उंच असते, सासूबाईंना दर थांब्याला चढवणं-उतरवणं म्हणजे कसरत. पाच दिवस चांगली, ऐसपैस, खालच्या पायरीची व्हॅन घ्या आणि एकच दिवस सुपरजीप, थोर्समोर्कच्या खोऱ्यासाठी. तिथे पूल नसलेल्या नद्या गाडीने पार कराव्या लागतात आणि तो अनुभव घेण्यासारखा आहे. चालक काठावर थांबतो, पाण्याचा रंग आणि लाटा वाचतो, मग प्रवाहाच्या दिशेने तिरकी गाडी घालतो. हिमनदीवर जायचं असेल तर खाली उतरून चाकांची हवा सोडतो. चारी चाकांतून फुसफुस आवाज येत असतो आणि टायर मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा खाली पसरत जातो. इतका पसरतो की आपल्याला वाटतं पंक्चर झाला. पसरट चाक भुसभुशीत बर्फात रुतत नाही, एवढंच त्याचं गणित. परत आल्यावर गाडीतल्याच पंपाने हवा भरतात. एक घडीचं प्लास्टिक स्टूल बॅगेत टाका, सासूबाईंना चढायला. दीडशे रुपयांचं ते स्टूल अख्ख्या सहलीतली सर्वांत उपयोगी वस्तू ठरतं, असं माझे तीन तरी ग्राहक म्हणालेत.

चालकाला ‘सर’ किंवा ‘मिस्टर अमुक’ म्हणू नका, त्याला ओशाळल्यासारखं होतं. तिथे आडनावच नसतं बहुतेकांना. योनचा मुलगा तो योनसोन, योनची मुलगी ती योनस्दोत्तिर. आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच, फक्त त्यांच्याकडे पुढे आडनाव येतच नाही. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. टीप द्यायची प्रथा नाही; खूश झालात तर दिलेली घेतील, पण कोणी हात पुढे करत नाही.

मुक्काम असे ठेवा. दोन रात्री रेक्याविक, तीन रात्री दक्षिणेतल्या हेल्ला गावाच्या आसपास, दोन रात्री योकुल्सारलोन या हिमनदीच्या तळ्याजवळ, शेवटची एक ब्लू लगूनला. चार जागा, तीन वेळा सामान हलवायचं.

रेक्याविकमध्ये हार्पा सभागृहाशेजारचं एडिशन हे मोठ्या शहरी हॉटेलसारखं हॉटेल आहे. पहिल्या दिवशी काही करू नका. भारतापेक्षा घड्याळ साडेपाच तास मागे, त्यामुळे रात्री आठला डोळे मिटतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. दुसऱ्या दिवशी जुन्या बंदरातून देवमासे बघायच्या बोटीने जा, सासूबाईंना मळमळत असेल तर त्यांना पेर्लान. हालग्रिम्स चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्ट आहे, पण शेवटी थोड्या पायऱ्या चढाव्या लागतात, ते सासूबाईंना आधी सांगा.

तिसऱ्या दिवशी गोल्डन सर्कल, म्हणजे थिंगवेत्लिर, स्ट्रोक्कुर आणि गुल्फोस ही नेहमीची फेरी, करत हेल्ला. थिंगवेत्लिरला इ.स. ९३० मध्ये आइसलँडची संसद, आल्थिंग, उघड्यावर भरू लागली. तिथेच उत्तर अमेरिका आणि युरेशियाची भूपट्टं एकमेकांपासून दूर सरकताहेत आणि मधली भेग डोळ्यांना दिसते. स्ट्रोक्कुर हा उकळत्या पाण्याचा झरा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहा, नाहीतर अंगावर येतो. गुल्फोस धबधबा दोन टप्प्यांत ३२ मीटर कोसळतो. वरच्या गाडीतळावरून सपाट वाटेने सासूबाईंनाही छान दिसतो. दुपारचं जेवण फ्रिदहेमार या टोमॅटोच्या काचघरात ठेवा. जमिनीतल्या उष्णतेवर वाढवलेल्या वेलींमध्ये बसून टोमॅटोचं सूप आणि ताजा पाव, हवं तेवढं. शाकाहारी माणसाला ‘फक्त सॅलड आहे’ न ऐकता पोटभर जेवता येईल अशी ही जागा. बुकिंग मात्र महिनाभर आधी.

हेल्लाजवळ होटेल रांगा घ्या. लाकडी, बसकं, आजूबाजूला काहीच नाही. स्वागतकक्षात पेंढा भरलेलं ध्रुवीय अस्वल उभं आहे, सासूबाईंना आधी सांगून ठेवा. तिथे स्वतःची वेधशाळा आहे, बाहेर गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि ऑरोरा दिसला की रात्री खोलीत फोन करून उठवतात. बसने गर्दीत ऑरोरा शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण सासूबाई कांबळं पांघरून दारातून बघतील आणि परत झोपतील. तीन रात्री इथेच का, तर ढग. पूर्ण सहलीत पाच-सहा काळोख्या रात्री हातात असल्या की एक तरी स्वच्छ मिळायची बरीच शक्यता असते. आणि एक खरं सांगते, कोणी सांगत नाही म्हणून: मंद ऑरोरा डोळ्यांना राखाडी, धुरकट दिसतो, फोनच्या कॅमेऱ्यात हिरवागार. जोरदार असला तर मात्र डोळ्यांनाही हिरवा दिसतो आणि हलतो. पहिल्या रात्री धुरकट दिसला म्हणून नाराज होऊ नका.

या तीन रात्रींत एक दिवस थोर्समोर्क, आणि एक दिवस पूर्ण कोरा. हो, कोरा. त्यावर काहीही लिहू नका. हवा चांगली असेल तर सेल्यालांडस्फोस (धबधब्याच्या मागून चालता येतं, दगड निसरडे, सासूबाईंनी समोरूनच बघावा) आणि स्कोगाफोस हे दोन धबधबे करा. वादळ असेल तर कुंडात बसा, झोपा, पत्ते खेळा. माझे ग्राहक या एका दिवसासाठी माझ्याशी भांडतात. ‘एवढे पैसे भरून बसून राहायचं?’ पण त्याच दिवसाने आजवर कितीतरी सहली वाचल्यात. हिमनदीचा कार्यक्रम रद्द झाला की तो याच रिकाम्या जागेत सरकतो.

पुढे वीकमार्गे योकुल्सारलोन. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटेकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथे अचानक एखादी लाट नेहमीपेक्षा कितीतरी आत येते, माणसं ओढली गेलीत आणि काही दगावलीतही. दिव्यांचा इशारा लावलेला आहे, तो पाळा. हिंदी गाण्यात दिसलेलं ते मोडकं विमान वाटेवरच्या सोल्हेमासांडुरवर आहे. अमेरिकी नौदलाचं ते विमान १९७३ मध्ये उतरलं. मुलीने हट्ट धरला तर ठीक, नाहीतर जाऊन-येऊन दोन-तीन तास काळ्या वाळूत चालण्याइतकं त्यात काही नाही.

योकुल्सारलोनला हिमनदीचे तुकडे तळ्यात तरंगत समुद्राकडे सरकत असतात. जमिनीवरही चालणारी मोठी बोट सासूबाईंसाठी योग्य, ती गाडीसारखी पाण्यात उतरते आणि चालायचं काही नसतं. ऑक्टोबरपर्यंत चालते. तुम्ही तिघं लहान रबरी बोटीने गेलात तर हिमनदीच्या भिंतीजवळ नेतात. या भागात फाइव्ह स्टार नाही, हे आधीच मान्य करा. फॉसहॉटेल ग्लेशियर लगून हे त्यातल्या त्यात चांगलं, स्वच्छ, मोठ्या खिडक्यांचं. संगमरवर शोधायला इथवर येऊ नये.

परतीचा दिवस लांब आहे, पाच-सहा तास नुसतं गाडीत. तो सावकाश करा आणि संध्याकाळी ब्लू लगूनच्या रिट्रीट या हॉटेलात उतरा. ही शेवटची रात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली. विमानतळ वीसेक मिनिटांवर आणि दमलेल्या अंगाला ३७-३९ अंशांचं पाणी. ते पाणी नैसर्गिक झऱ्याचं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ते शेजारच्या स्वार्त्सेंगी भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडलेलं आहे आणि त्यातल्या सिलिकामुळे दुधाळ निळं दिसतं. बुकिंग पूर्ण परताव्याचंच घ्या. उद्रेकामुळे बंद झालं तर रेक्याविकमध्ये एक खोली आणि शेजारच्या कोपावोगुरमधलं स्काय लगून हा पर्याय तयार ठेवा.

पाण्यात उतरण्याबद्दल दोन गोष्टी, दोन्ही नाजूक. एक, तिथे कुठल्याही तलावात जाण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे, आणि सार्वजनिक तलावांत ती सामुदायिक न्हाणीघरात असते. आपल्या बायका दारातून परत फिरलेल्या मी पाहिल्यात. ब्लू लगूनला आडोशाचे कप्पे आहेत, स्काय लगूनला स्वतंत्र खोली मिळणारं महाग तिकीट आहे. तिथे ते जास्तीचे पैसे खुशाल भरा. दुसरी गोष्ट, दागिने. गंधकयुक्त पाण्याने चांदी काळी पडते. सासूबाईंची जोडवी आणि तुमचे पैंजण खोलीतच ठेवा. माझी स्वतःची जोडवी पहिल्या सहलीत कोळशासारखी झाली होती आणि पुण्यातल्या सोनाराने विचारलं, ‘वहिनी, कुठे उकळलीत?’ हॉटेलच्या गरम नळालाही हाच वास असतो, कुजक्या अंड्याचा. प्यायला गार नळ वापरा, ते पाणी अप्रतिम आहे. बाटल्या विकत घेणं म्हणजे मूर्खपणा.

खाण्याचं म्हणाल तर रेक्याविकमध्ये भारतीय उपाहारगृहं आहेत, नंतर फारशी भरवशाची नाहीत. प्रत्येक हॉटेलला सासूबाईंबद्दल लेखी कळवा, आणि ‘शाकाहारी’ एवढं लिहून थांबू नका. मासा नाही, मासळीचं पाणी नाही, अंडं चालतं की नाही, हे सगळं लिहा. स्किर नावाचा प्रकार सगळीकडे मिळतो, चव आणि घट्टपणा थेट आपल्या चक्क्यासारखा. साखर-वेलची घालून माझ्या एका ग्राहकाने दसऱ्याला श्रीखंड केलं होतं. फक्त काही स्किरमध्ये जनावराचं रेनेट (दूध घट्ट करणारं, वासराच्या पोटातलं विरजण) असतं, सासूबाई कडक असतील तर डबा वाचून घ्या. मेतकूट, भाजणी, खाकरे, तयार उपमा न्या. दूध-तुपाचे पदार्थ मात्र नेऊ नका, युरोपच्या बाहेरून ते आणायला बंदी आहे. मद्य हवं असेल तर केफ्लाविकला उतरल्यावर करमुक्त दुकानातून घ्या. बाहेर सरकारी दुकानंच असतात, मोजकी, महाग आणि लवकर बंद होणारी.

कपड्यांत जीन्स आणि सुती थर्मल नको, भिजलं की वाळत नाही. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, मध्ये उबदार, बाहेर वारा-पाऊस अडवणारा, पँटसुद्धा तशीच. छत्री घरी ठेवा. सासूबाईंना पँटसाठी आताच तयार करा. पाचवारी साडी त्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि माणूस पडतो.

पैशांचा हिशेब, चौघांचा, माझ्या अंदाजाने. व्हॅनचे पाच दिवस आणि सुपरजीपचा एक मिळून साडेनऊ लाख. आठ रात्री दोन-दोन खोल्या, पावणेनऊ लाख. त्यात एकट्या रिट्रीटच्या रात्रीला पावणेतीनच्या आसपास. विमान साध्या वर्गाने साडेचार. खाणं साडेतीन. व्हिसा, विमा, बोटी, तिकिटं दोन. झाले सव्वाअठ्ठावीस. हेलिकॉप्टर दोन-अडीच लाख, म्हणजे तीसच्या वर गेलात. वाऱ्यामुळे ते हमखास उडेल असंही नाही. मी असते तर हेलिकॉप्टर सोडून त्या पैशांत जाताना फक्त सासूबाईंना बिझनेस क्लास दिला असता. बाकीच्यांना देण्यात अर्थ नाही, चौघांचं तिकीट काढलं तर बजेटचा अर्धा भाग आकाशातच संपतो. सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ कर, कापेल. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, फक्त तेवढी रक्कम आधी हाताशी ठेवा.

विमान थेट नाही, युरोपात बदलावं लागतं. कोपनहेगन, फ्रँकफर्ट किंवा हेलसिंकी घ्या. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटनच्या वेगळ्या व्हिसाची भानगड येऊ शकते. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. सप्टेंबरसाठी जूनअखेर फाइल गेलेली बरी, कारण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. सर्वांत जास्त घोळ नावांचे होतात. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा, मुलीचं कॉलेजचं पत्र, आणि सासूबाईंचा खर्च मुलगा करतोय असं त्याच्या सहीचं पत्र. विमा किमान ३०,००० युरोचा बंधनकारक आहे, पण सासूबाईंचा रक्तदाब, साखर जे असेल ते लपवू नका आणि आधीच्या आजारांसह घ्या. तिथली डोंगर-बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, नववर्षाचे फटाके विकून पैसा उभा करतात; मदत मिळेल, पण त्यानंतरचं हॉस्पिटल फुकट नसतं.

बुकिंगचा क्रम: आधी चालक-वाटाड्या, मग होटेल रांगा, मग बाकी हॉटेलं, विमान सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आणि मग चांगला चालक मिळत नाही. सहल पुढच्या सप्टेंबरची असेल तर चालकासाठी दिवाळीच्या आधीच मेल टाका. आणि मेल टाकताना सासूबाईंचे गुडघे दुसऱ्या ओळीत लिहा, तळटीपेत नको. त्यावरून तो गाडी कुठली आणायची ते ठरवतो.